नाव-गोत्र नसलेला नारळ

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी अमेरिकेतला एक कायदा थांबवायला निघाले होते. नात विचारते, "एकटीच?" एकटी कशाला, जवळ एक नारळ होता.

तेव्हा राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं सेंटर होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत तोंडी रेकॉर्ड करत. ते बोलणं हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, हे आमचं काम. तिकडे रात्र झाली की इकडे सकाळी फायली येत. आवाज थांबवायला टेबलाखाली पायाचं पॅडल असे. सासूबाईंनी तेवढंच लक्षात ठेवलं. शेजारणीला सांगायच्या, "सून शिवणकामाले जाते. पॅडलवालं काम हाय म्हणे."

मी बीएस्सी, प्राणिशास्त्र. पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजात एक बेडूक फाडला होता, त्या भांडवलावर मी थेट अमेरिकन माणसाच्या हृदयात शिरले. पण आयुष्यात पहिल्यांदा मला माझी खुर्ची होती, आणि लोक मॅडम म्हणत. मी इतकी फुगले की मेथीच्या जुडीबरोबर भाजीवालीला तिच्या गुडघ्याचं निदानही सांगून येई.

सेंटरचे नियम दोनच. नीट ऐकू आलं नाही तर अंदाजानं लिहायचं नाही. जागा रिकामी ठेवायची आणि खाली शेरा मारायचा. तो शेरा तिकडची एक तपासणारी बाई वाचायची. आणि दुसरा, पेशंटची गोष्ट बाहेर काढायची नाही.

एक दिवस सेंटर चालवणारे सर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, तिकडच्या एका राज्यात कायदा आणून राहिले. पेशंटचे कागद देशाबाहेर धाडायचे नाई. पेशंटचं गुपित जपलं पाहिजे, अन् टाइप करणाऱ्या त्याइच्या बायांचं कामही."

"मंग आपलं?"

"आपलं काय? खालच्या ट्यूशनवाल्याले जागा पाहिजेच हाय."

म्हणजे माझी खुर्ची जाणार. या वयात दुसरी कोण देणार होतं मला?

आमचे हे अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये होते, रविवारी घरी येत. बाहेरच्या देशांतला कापूस येऊन पडत होता आणि जिनिंगचा हंगाम आखडत चालला होता. आदल्याच आठवड्यात अकोल्याला मोर्चा निघाला, 'बाहेरचा कापूस बंद करा' म्हणून. त्यात मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले होते. घसा अजून बसलेलाच. त्याच बसक्या आवाजात मी अमेरिकेला शिव्या घातल्या, तर हे जेवता जेवता म्हणाले, "थे तं आपल्या मोर्च्यासारखंच झालं ना वं. आपल्याले बाहेरचा कापूस नको, त्याइले बाहेरचं टायपिंग नको."

"कापसाचं वेगळं असते."

"कावून?"

 मी त्यांच्या ताटात न मागता आणखी एक भाकर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी एका फाईलच्या शेऱ्याच्या जागेत त्या तपासणाऱ्या बाईला इंग्रजीत अर्ज लिहिला. आदरणीय बाईसाहेब, तो कायदा थांबवायला मदत करा, आम्हीही लेकुरवाळ्या आहोत. गुपित आम्ही पोटात ठेवतो. पुरावा म्हणून कळवते की मागच्या महिन्यात ज्या म्हातारीच्या हृदयाची झडप बदलली, तिच्यासाठी मी देवीला नारळ फोडला. गुरुजींनी नाव विचारलं तरी सांगितलं नाही.

हे अगदी खरं होतं. गुरुजी हातावर पाणी घेऊन बसले होते.

"नाव?"

"सांगता येत नाई. कंपनीचा नियम हाय."

"गोत्र?"

"अमेरिकन असंल."

"अवं बाई, देवीनं वाचवावं कोनाले मंग?"

"झडपवालीले," मी म्हणाले. "देवी बरोबर समजून घेते."

अर्ज दोनदा वाचला, स्वतःवर खूश झाले आणि फाईल पाठवून दिली. संध्याकाळी जिना उतरताना, नेमकं चौथ्या पायरीवर, डोक्यात उजेड पडला. गुपित पोटात राहतं हे दाखवायला मी ते लेखी बाहेर काढलं होतं! कायदा आणणाऱ्यांना जो पुरावा हवा होता तो मी टाइप करून, स्पेलिंग तपासून, वेळेच्या आत पोचवला होता. वा रे बीएस्सी!

दोन दिवस मी सरांच्या तोंडाकडे बघत काढले. ते हसले तरी मला धडकी भरे.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला, फक्त माझ्या खात्यात. आधी तीन चुका लाल करून दुरुस्त केलेल्या. स्पेलिंगही धड तपासलं नव्हतं मी. खाली तिनं लिहिलं होतं, तुमचा मजकूर डॉक्टरकडे जाण्याआधीच मी काढून टाकला, कुणाला दाखवलेला नाही. पुन्हा असं करू नका. मी बावीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच काम करत होते. आता मला फक्त तुमचं तपासायला देतात, तेही कमी होत चाललंय. तुम्ही म्हणता तो कायदा माझ्यासाठीच आहे.

मग एक ओळ सोडून, ती बाई बरी होऊन घरी गेली.

म्हणजे नियम तिनंही मोडला. माझ्यासाठी.  हिच्या विरुद्ध ओरडायचं होतं होय मला? आणि अकोल्याला ओरडले ते कुणाविरुद्ध? त्या बाहेरच्या कापसामागेही वेचणारी एखादी असेलच की. विचार करून डोकं दुखायला लागलं. डोकेदुखीची सतरा कारणं मला इंग्रजीत पाठ होती, हे त्यात नव्हतं.

तो कायदा त्या साली बारगळला. सरांनी पेढे वाटले. माझी खुर्ची राहिली. पुढच्या महिन्यापासून मात्र फायलींवर शेरे दुसऱ्याच कुणाचे येऊ लागले. मी सरांना विचारलं, "थ्या बाई कुठं गेल्या?" सर म्हणाले, "कोणत्या बाई?" तिचं नाव मलाही माहीत नव्हतं.

मी नारळ घेऊन देवळात गेले. गुरुजींनी ओळखलं. पाणी हातावर घेतलं, म्हणाले, "आज तरी सांगा. कशासाठी?"

खुर्ची राहिली म्हणून म्हणावं, तर ती बाई डोळ्यांपुढे आली. तिच्यासाठी मागावं, तर माझी खुर्ची जाते.  नीट समजत नसेल तर अंदाजानं भरायचं नाही, जागा रिकामी ठेवायची. तेवढं एक मी शिकले होते.

"राहू द्या," मी म्हणाले. "कोराच फोडा."

गुरुजींनी हातावरचं पाणी ताम्हणात सोडलं. "मागच्या खेपेले नाव नव्हतं, या खेपेले मागणं नाई. पुढच्या खेपेले बाई, नारळ तरी आणजा."