उद्भव सुरतला गेला

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी केलेल्या बाईकडे किस्से मागू नयेत. परवा मैत्रिणींनी मागितले आणि ताटातली आमटी गार होईपर्यंत मी बोलतच बसले! नव्वदच्या दशकात मी नाशिकला ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत आमच्या ऑफिसात पाणी सोडून सगळं साठलं. फायली साठल्या, गंजके पाइप साठले आणि हे असले प्रसंग साठले. ऐकताना तुम्ही हसाल. मला तेव्हा संताप यायचा, अजूनही येतो.

*

सुरुवात ऑफिसातल्या माठापासून करते. खाली 'पाणीपुरवठा' अशी भलीमोठी पाटी आणि वर दुसऱ्या मजल्यावर नळाला थेंब नाही, म्हणून माठ कायम कोरडा! शिपाई समोरच्या हॉटेलातून एक जग भरून आणायचा आणि तो थेट साहेबांच्या टेबलावर जायचा.

एकदा भर उन्हात पेठ तालुक्यातले एक आजोबा एसटीनं आले. जिना चढून धापा टाकत आमच्या हेडक्लार्कसमोर उभे राहिले. या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणायचे.

"भाऊसाहेब, आधी पाणी द्या," आजोबा कसेबसे म्हणाले.

भाऊसाहेबांनी मान वर न करता कोरा कागद पुढे सरकवला. "तोंडी नको. लेखी अर्ज करा!"

*

आता सरकारी मराठीची गंमत ऐका. विहीर, झरा, बोअर, जिथून म्हणून गावाला पाणी मिळतं, त्याला आमच्या फायलीत 'उद्भव' म्हणतात. हा शब्द फायलीबाहेर कुणी वापरल्याचं मी तरी ऐकलं नाही.

टंचाईचा तक्ता भरायचा होता. भाऊसाहेबांनी येवल्याकडच्या एका सरपंचांना फोन लावला. लाइनमध्ये नुसती खरखर.

"तुमच्या उद्भवाची काय परिस्थिती?"

"उद्धव? त्यो गेला की सुरतला!"

"कधी?"

"दिवाळी झाली अन् गेला. आता कशाचा येतो माघारी!"

भाऊसाहेबांनी ऐकलं तसं रकान्यात उतरवलं: 'उद्भव दिवाळीनंतर सुरतला गेला असून परत येण्याची शक्यता नाही.' तक्ता साहेबांकडे गेला. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला: 'सुरत आपल्या कार्यक्षेत्राबाहेर. गुजरातकडे पत्रव्यवहार करावा.'

मी तक्ता घेऊन केबिनमध्ये धावले. "सर, अहो विहीर सुरतला कशी जाईल?"

साहेबांनी चष्मा काढला. "का नाही जाणार? आपलं पश्चिमेकडचं सगळं पाणी गुजरातलाच तर जातं!"

तक्ता दुरुस्त होऊन परत येईपर्यंत त्या गावाचा टँकर तीन आठवडे लांबला. तिथल्या बायका तीन आठवडे दुसऱ्या गावच्या विहिरीवर शिव्या खात पाणी भरत होत्या. शब्द आमचा, चूक आमची आणि शिव्या त्यांना!

*

आमच्या एका टँकरचा व्हॉल्व्ह गळका होता. विंचूरच्या पुढे जाईपर्यंत तो निम्मा व्हायचा. मी ड्रायव्हरला चांगलंच झापलं.

"मॅडम, व्हॉल्व्ह मागून दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "तोवर रस्त्याच्या बाभळी तर जगल्या ना?"

मी व्हॉल्व्हसाठी तिसरं पत्र टाइप करायला दिलं.

*

पण सगळ्यात जास्त छळलं ते हिराबाईंनी. छळलं म्हणजे काय, त्या बरोबर होत्या म्हणून छळ! इगतपुरीच्या डोंगरात चाळीसेक घरांचा पाडा, त्या पाड्यावरच्या या. पावसाळ्यात घराच्या भिंतींना पाझर फुटायचे आणि मार्चनंतर हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागायची. त्यांची सून पोटुशी असताना हंडा घेऊन त्याच दरीत घसरली. मूल गेलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हिराबाई ऑफिसात हजर. मागणं एकच, दरी उतरायला लागू नये एवढं पाणी.

पहिल्या वर्षी साहेबांनी पावसाचे आकडे पुढे केले. "बाई, तुमच्याकडे सरासरीपेक्षा जास्त पाऊस! टंचाईत बसत नाही तुम्ही."

"पाऊस लय पडतो साहेब," हिराबाई म्हणाल्या. "पर तो पडतो अन् उतरून तुमच्या धरणात जातो. आम्ही वरच ऱ्हातो."

साहेबांनी शेरा मारला: 'निकषात बसत नाही.'

*

नंतर मी भांडून बोअर मंजूर करून घेतली. किती खूश होते मी! बोअरची गाडी घाट चढेना, म्हणून जिथे गाडी थांबली तिथेच भोक पाडून माणसं मोकळी झाली. पाड्यापासून दोन किलोमीटर खाली! कागदावर मात्र 'पाड्याची बोअर पूर्ण'.

मी पाहणीला गेले. हिराबाई हापशाजवळ उभ्या होत्या. त्यांनी हापशाकडं पाहिलं, वर पाड्याकडं पाहिलं.

"चांगलं झालं ताई. आता पाडा कधी खाली आणता?"

मी जीपमध्ये येऊन बसले आणि रडले.

*

शेवटी नळयोजना झाली. पाड्यावर टाकी आली, पाइप आले, नळ आले. पंप मात्र आला नाही. तरीही उद्घाटनाची तारीख ठरली, कारण पाहुण्यांची तारीख मिळाली होती.

"नळाला पाणी कुठून येणार सर?" मी विचारलं.

"ती व्यवस्था झाली आहे," साहेब म्हणाले.

व्यवस्था म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळलं. ज्या घाटात बोअरची गाडी चढत नव्हती, तिथे पाहुण्यांच्या मोटारीसाठी चार दिवसांत रस्ता झाला होता. आणि 'निकषात बसत नाही' म्हणून जो टँकर कधी मिळाला नाही, तो पहाटेच येऊन टाकी भरून शाळेमागे उभा होता!

नारळ फुटला. पाहुण्यांनी नळ फिरवला. धो-धो पाणी! फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. बायकांनी बघता बघता घरातलं होतं नव्हतं ते प्रत्येक भांडं नळाखाली लावलं. हंडे, कळश्या, पातेली, तेलाचे डबे. भाषण संपायच्या आत टाकी रिकामी झाली आणि नळ फुसफुसायला लागला.

साहेब घाईघाईनं जीपकडे निघाले. हिराबाई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन त्यांच्या आडव्या आल्या.

हिराबाईंनी एका हातानं हंडा सावरला.

"साहेब, उद्याबी उद्घाटन ठेवा ना. नारळ आम्ही आणू."