वरच्या खोलीतला ऑर्केस्ट्रा आणि हिचे डबे

भाडेकरू जातो तेव्हा भिंतीत खिळे ठेवून जातो, मोरीत साबणाचं चिपाड ठेवून जातो आणि घरमालकाच्या डोक्यात किस्से ठेवून जातो. खिळे उपटता येतात. किस्से उपटता येत नाहीत. घणसोली गावात आमच्या वरच्या खोलीत आजवर नर्सबाई राहिल्या, कुरिअरवाला राहिला, लग्नं जमवणारे एक गुरुजीही राहिले. पण निलेश आला आणि त्याने डोक्यातली सगळी जागाच भरून टाकली. त्यातले निम्मे किस्से सांगताना माझं रक्त अजून तापतं. उरलेले निम्मे मीच घडवून आणलेत.

*

खोली बघायला आला तेव्हा विचारलं, काम काय करतोस? म्हणाला, सिनेमाला संगीत देतो. भुताखेतांचे, अंधारे सिनेमे. मोठा ऑर्केस्ट्रा लागतो, साठ-सत्तर वादक.

माझं टाळकं सरकलं. गावात पाणी येतं ते सकाळचं थोडा वेळ. सत्तर जणांना माझी एक मोरी?

त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. परदेशात कुठेतरी खरे वादक बसवून व्हायोलिनचा एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलाय, तो इथे पेटीसारख्या कीबोर्डवर वाजवायचा. सगळे सत्तर जण आत. त्यांची खुर्ची करकरते तीही आत, श्वास घेतात तोही आत.

मी म्हटलं, "श्वास घेऊ दे. पाणी पीत नाहीत ना?" आणि खोली दिली.

*

माझा मेव्हणा जनार्दन हळदीत बेंजो वाजवतो. संगीत आपल्यापासून सुरू होतं आणि आपल्यापाशीच संपतं, असं त्याला वाटतं. एकदा माझाच चहा पिऊन म्हणाला, "वाजवतो कसला? बटन दाबतो. बाकी कॉम्प्युटर करतो."

मला असा राग आला! अरे, भूत नुसतं दार उघडतं, त्या एवढ्याशा दारासाठी पोरगा अख्खा दिवस घासतो. व्हायोलिन हळू उठलं पाहिजे, फुगलं पाहिजे, मग जीव सोडला पाहिजे. जमलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. मी जनार्दनला हाताला धरून वर नेला. निलेश वडापाव आणायला गेला होता. म्हटलं, "घे. दाब बटन."

त्याने डावीकडची शेवटची पट्टी दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली. "मशीन बंद हाय भाऊजींनु," म्हणाला आणि छाती काढून खाली उतरला.

त्या टोकाच्या पट्ट्या स्वतः वाजतच नाहीत. त्या वादकांना हुकूम देतात: आता गज ओढा, आता बोटाने तार छेडा. जनार्दनने दाबली ती नेमकी तार छेडायची. हे मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. निलेश आला, प्रेतयात्रेचा सीन लावला, पट्टीवर बोट ठेवलं, तर सत्तरच्या सत्तर जण टुण टुण टुण! खांद्यावर प्रेत आणि खांदेकरी लंगडी खेळतायत. बिचाऱ्याने सगळ्या वायरी उपसल्या. मी दारात उभा राहून चहा प्यायलो.

पुढे कधी पोरगा फार शहाणपणा करायला लागला, की मी जाता जाता ती पट्टी दाबून यायचो.

*

आमच्या हिचं किचन बरोबर त्याच्या खोलीखाली. फळीवर स्टीलचे डबे, लग्नात आलेले, नावं कोरलेले. पहिल्यांदा वरून तो खालचा सूर निघाला ना, कानाला कमी आणि पोटाला जास्त, तेव्हा सगळे डबे थरथरायला लागले. ही उलथनं घेऊनच वर गेली. "आरं, भुतां तुझे शिनेमान ठेव. माझे फलीवर कशाला सोरतोस?"

सॉरी म्हणायचं सोडून निलेश धावत खाली आला, डब्यांकडे बघत राहिला आणि हसायला लागला. खालचा सूर नीट पोचतो की नाही, याचं माप त्याला मिळालं होतं.

तेव्हापासून रिवाजच पडला. तो खिडकीतून ओरडायचा, "काकी, वाजले का?"

ही खालून सांगायची, "साखरंचा वाजला. तांदलाचा गप हाय."

मग तो वर आणखी माणसाएवढी उंच व्हायोलिनं चढवायचा. अख्ख्या सिनेमाचं संगीत आमच्या डब्यांनी पास केलंय. तांदळाचा तो मोठा डबा तेवढा कधीच बधला नाही. अट एकच, हिच्या मालिकेच्या वेळेला भुतं बंद.

*

आता त्या सिनेमाचे दिग्दर्शक विकीसाहेब. गॉगल डोक्यावर, पाय दुसऱ्याच्या खुर्चीवर. त्यांना एकच शब्द येतो, "और डार्क." निलेशने काहीही ऐकवलं, की और डार्क. किती डार्क? तर म्हणे, कॉफी जैसा. पोरगा सुकत चालला होता.

एकदा ते स्वतः आले. ऐकलं, मान हलवली, और डार्क. निलेश रडायच्या बेताला. मी उठलो, ट्यूबलाइट बंद केली, खिडकीवर हिची जुनी चादर लावली आणि निलेशला म्हटलं, नवीन केलेलं लाव ना. नवीन कसलं, तेच पुन्हा लावलं.

विकीसाहेब खूश. "हाँ! अब डार्क हुआ."

हसायची गोष्ट आहे, कबूल. पण पोराच्या एवढ्या घासण्याची किंमत माझ्या चादरीएवढी? मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

*

निलेशचे वडील, आबा, मूळचे जुन्नरकडचे. एपीएमसी मार्केटमध्ये त्यांचा कांद्याचा गाळा. माणूस सज्जन, कधी हात हलवत आला नाही, दर वेळी कांद्याची गोणी घेऊन. वर बसायचे, त्या रिकाम्या खोलीत नजर फिरवायचे आणि विचारायचे, "निल्या, तुझा माल दिसत कसा न्हाई रं?"

त्यांनी पोराला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. हा सिनेमा पार पडला तर तुझं तू बघ. नाही पडला तर लॅपटॉप बंद आणि उद्यापासून गाळ्यावर. निलेश कांद्याला वाईट म्हणत नव्हता. पण गाळ्यावर बसलो की पुन्हा वाजवणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि मलाही.

*

शेवटचा सीन सगळ्यात मोठा. विहिरीतून बाई वर येते. निलेशने तो फक्त खालच्या सुरांवर बांधला होता. पाठवला, आणि विकीसाहेबांनी तो कुठे ऐकावा? चालत्या गाडीत, एसी चालू, मोबाईलच्या चण्याएवढ्या स्पीकरवर, ज्यातून खालचे सूर निघतच नाहीत!

"ब्लँक भेजा है. कुछ है ही नहीं."

निलेशने विनवलं, सर, हा थिएटरचा सिनेमा आहे, निदान हेडफोन लावा. तर म्हणाले, दम होगा तो फोन पे भी सुनाई देगा. रविवारी येतो, सगळं काम डिस्कमध्ये भरून ठेव, दुसऱ्याला देतोय.

अरे, जिताडा मासा ताजा आहे का ते तुम्ही फोटोचा वास घेऊन ठरवता का? दोन दिवस मी गावभर हेच विचारत फिरलो.

निलेशने आबांना कळवलं. आबा म्हणाले, रविवारी टेम्पो घेऊन येतो.

*

रविवारी दोघेही एकाच वेळी दारात. मी म्हटलं, डिस्क न्या, पोरगा न्या, पण घणसोलीतून उपाशी कुणी जात नाही. पंगत मांडली किचनमध्येच, बरोबर फळीखाली. जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी. विकीसाहेब एका पाटावर, आबा शेजारच्या पाटावर. दोघांनाही घाई. निलेशला मी वरच बसवून ठेवला होता.

दोन घास झाले आणि मी जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "निलेश, मीठ पाठवू का रे वर?" ही ठरलेली खूण.

आधी तांब्यातलं पाणी हललं. मग साखरेचा डबा, मग डाळीचा, मग सगळी फळी. आणि शेवटी कधी नव्हे तो तांदळाचा डबा गुरगुरला. त्याचं झाकण सरकत सरकत कडेला आलं आणि विकीसाहेबांच्या ताटाशेजारी आदळलं.

साहेबांचा घास हातातच राहिला. छताकडे बघत म्हणाले, "ये... ये क्या है?"

हिने मान वर न करता त्यांच्या ताटात कालवण वाढलं. "काय नाय, सायेब. तुमचाच शिनेमा हाय. जेवा."

वर बाई विहिरीतून निघतच होती. साहेबांच्या कपाळावर घाम. हळूच म्हणाले, "थोडा... थोडा कम करेंगे क्या?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आबांनी भाकरी ताटात ठेवली. बराच वेळ ते त्या डब्यांकडेच बघत होते.

"कमी न्हाई व्हनार," आबा म्हणाले. "मागितला तसा माल दिलाय पोरानं."

मग हिच्याकडे वळले. "वहिनी, त्या टेम्पोवाल्यालाबी जेवाया बोलवा. त्याला आता घाई न्हाई."