खोगिरावरचं गणित

"आधी सांगा, उभा कोण आणि पळतोय कोण?"

कुठलंही गणित घेऊन गेलो की रिसालदारसाहेबांचा हा पहिला प्रश्न. उत्तर बरोबर आलं, की खूश होऊन ते दोन्ही हात डोक्याकडे नेत, पगडी सारखी करायला. पगडी नसे. मग ते हात तसेच कानांवर उतरत, पाळ्या ओढत आणि मांडीवर परत येत. ते जाऊन आता किती तरी वर्षं झाली, पण पार्शल डिफरन्सिएशन हे शब्द कानावर पडले की मला आधी त्या ओढलेल्या पाळ्याच दिसतात.

तुम्ही म्हणाल, घोडेस्वाराचा आणि बी.ए.च्या गणिताचा संबंध काय? काही नाही! त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि शिक्षण म्हणाल तर सही मोडीत करत, तीही तलवार चालवल्यासारखी. संस्थानाच्या रिसाल्यात उभी हयात घालवून ते पेन्शनीत आले होते आणि पाटणकर बाजारामागच्या गल्लीत आमच्या समोर राहत होते. त्यांचा मुलगा बळवंत माझ्या वर्गात होता; तो त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही. खरं तर तो माझ्या दोन वर्षं पुढे, पण गणितात दोनदा आपटल्यामुळे मी त्याला गाठलं.

बळवंत पहिल्यांदा नापास झाला त्या दिवशी रिसालदारसाहेबांनी पगडी काढून देवघरात ठेवली आणि भर ओसरीवर सांगितलं, "पोरगा बी.ए. होईतो मी डोक्याला काही लावणार नाही."

आजच्या लोकांना यात काही विशेष वाटायचं नाही. पण आमच्या लष्करात (म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, फौजेत नव्हे) मोठा माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यावर दिसला, की घरात कुणी तरी गेलं असंच लोक समजत. म्हणजे शब्द दिला तेव्हापासून हा माणूस घरात अडकला. दसऱ्याच्या सवारीत ज्यांचा घोडा वर्षानुवर्षं ठरल्या जागी चालायचा, ते आता खिडकीच्या गजांना धरून लांबून नगारा ऐकत. सराफ्यातला सोनारसुद्धा वजनकाटा घेऊन घरी येई.

माझे वडील दरबारच्या कचेरीत कारकून, कलमाकलमांत वाट काढणारे. ते एकदा त्यांना म्हणाले, "साहेब, टोपी घाला की. टोपी म्हणजे काही पगडी नव्हे."

"पंत, मी पगडीचं नाव घेतलं नव्हतं. काही लावणार नाही म्हटलं होतं. टोपी हवेची असते का?"

वडील स्वतःची टोपी सारखी करत घरी आले.

बळवंताच्या तिसऱ्या खेपेला मीही परीक्षेला बसणार होतो, आणि त्याच वर्षी त्याच्या बहिणीचं, शकूचं, लग्न ठरलं. रिझल्ट लागल्यावर आठ दिवसांनी मुहूर्त. मुलाकडची मंडळी इंदूरची, मोठी माणसं, त्यांच्याकडे दुसरी तारीख नव्हती. बळवंत पास झाला तर बाप पगडी घालून दारात वरात घेणार. नापास झाला तर? बोडक्या डोक्याच्या बापानं व्याह्याला सामोरं जायचं? असला अपशकुन कुणी ऐकूनही घेतला नसता. काकूंनी, म्हणजे बळवंताच्या आईनं, हात जोडून सांगितलं, "अहो, पोरीसाठी तरी शब्द मागे घ्या."

"शब्द मागे घ्यायला ते उधार आणलेलं पातेलं नव्हे," ते म्हणाले. "बळवंता, उद्यापासून सकाळी पाचला हजर. छोटे पंत, तूसुद्धा."

छोटे पंत म्हणजे मी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ओसरीवर रांगेत उभं केलं. दोघांची रांग! मग म्हणाले, "या वर्षी शत्रू कोण?" मी सांगितलं की आता एका गणितात दोन दोन चल असतात, एक्स आणि वाय, आणि दोघं एकदम बदलतात. ते विचारात पडले. फौजेत दोघं एकदम सुटले तर काय करतात, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं.

"एकाला उभं करा. दुसऱ्याला पळवा. त्यानं किती धूळ उडवली ते लिहून घ्या. मग पळणारा उभा राहील आणि उभा होता तो पळेल."

तुम्हाला सांगतो, आमच्या प्रोफेसरांनी हेच सांगायला सहा आठवडे घेतले होते, आणि तरी मला कळलं नव्हतं. त्या सकाळी मी एक्स झालो, बळवंत वाय झाला आणि आम्ही आळीपाळीनं अंगणात धावलो. गल्लीतल्या बायका पाण्याला जाता जाता थांबून बघत. शकू तुळशीपाशी उभी राहून पदर तोंडात धरून हसत होती. बळवंत धापा टाकत म्हणाला, "अरे यार, मला तर एकदम समजलं!"

डबल इंटिग्रलमध्ये क्रम बदला, असा एक प्रश्न हमखास येई. आधी एक्सनं मोजलेलं आता आधी वायनं मोजायचं, आणि तसं करताना हद्दी सगळ्या बदलतात. इथे आमची गाडी चार दिवस अडली. पाचव्या दिवशी त्यांनी खडूनं ओसरीवर एक तिरकी पागा काढली, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. त्यात काकूंच्या डब्यातले हरभरे मांडले, एक हरभरा एक घोडी.

"आता आडव्या रांगा मोजा. आता उभ्या मोजा. घोडी कमी झाली?"

"नाही, आबा."

"रांगा तेवढ्याच लांब राहिल्या?"

"नाही, आबा."

"झालं तर. पागा तीच, घोडी तीच. मोजणारा कुठल्या दारानं शिरला एवढंच बदललं. यासाठी इंग्रज पुस्तक लिहितो?" आणि हात डोक्याकडे गेले.

पण खरा कहर केला तो खोगिरानं. पुस्तकात एक बिंदू असा होता की तो एका दिशेनं पाहिलं तर सगळ्यात खालचा, दुसऱ्या दिशेनं पाहिलं तर सगळ्यात वरचा. त्याचं नाव सॅडल पॉइंट. मी अर्थ सांगितला आणि रिसालदारसाहेब उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत पुस्तकात पहिल्यांदा त्यांना ओळखीचं कुणी भेटलं होतं!

त्यांनी माळ्यावरून स्वतःचं खोगीर काढलं, पुसलं, तेल लावलं आणि सुताराच्या लाकडी घोडीवर चढवून ओसरीच्या मधोमध ठेवलं. मग एक लिंबू आणवलं. लिंबू बैठकीच्या मध्यावर ठेवून पुढे ढकललं, ते परत मध्यावर आलं. मागे ढकललं, परत आलं. बाजूला जरा बोट लावलं आणि ते गडगडत थेट स्वयंपाकघरात गेलं.

"लांबीत बघा, हा तळ आहे. रुंदीत बघा, हा माथा आहे. आता सांगा, हा वरचा का खालचा?"

"दोन्ही नाही," मी म्हणालो.

"शाब्बास! तो स्वाराचा!"

मग त्यांनी हुकूम काढला की यापुढचा सगळा अभ्यास खोगिरावर बसून. परीक्षेपर्यंतचा महिना आम्ही पाळीपाळीनं त्या लाकडी घोडीवर चढून, रिकिबीत पाय घालून गणितं सोडवली. मला मांड्यांना घट्टे पडले आणि आईनं तेल चोळताना कॉलेजला नाही नाही ते बोल लावले. बळवंत मात्र तिथे रमला. रिसालदाराचा मुलगा तो, खोगिरावर बसला की चेहरा उजळायचा. खाली उतरून गणित विचारलं की परत अंधार.

परीक्षा झाली. सॅडल पॉइंट आला होता. मी लिंबू आठवून दहा ओळींत उत्तर लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. घरी आलो तर बळवंत आबांना खुशीत सांगत होता, "आबा, तोच आला! मी पूर्ण घोडा काढून दाखवला. खोगीर, लगाम, रिकीब, सगळं. घंटा झाली तेव्हा शेपूट राहिलं होतं."

तीन तासांत या गड्यानं घोडा काढला? रिसालदारसाहेबांनी मात्र फक्त एकच शंका काढली.

"पोटाखालचा तंग आवळला होतास ना?"

"दोन्ही आवळले, आबा."

"मग झालं," ते म्हणाले आणि आत जाऊन काकूंना पत्रिका छापायला द्या म्हणून सांगितलं.

रिझल्ट लागला. कॉलेजच्या फळ्यावर माझा नंबर होता, बळवंताचा नव्हता. परत येताना मला पाय उचलेना. ज्या माणसानं मला शिकवलं त्याच्याच दारात मी कुठल्या तोंडानं पेढे घेऊन जाणार? मी दारात उभा राहिलो आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. त्यांनी उठून खोगिराचा तंग सैल केला. मग म्हणाले, "घोडा मी शिकवला त्याला. गणित शिकवायला हवं होतं."

पुढचे आठ दिवस गल्लीतल्या शहाण्यांनी नुसता उच्छाद मांडला. घरचा मुलगा पास व्हायला हवा ना? मग हा पास झालेला मुलगा दत्तक घ्या! अहो, खरंच! उपाध्ये पोथी घेऊन आले, होमाला किती समिधा लागतील ते सांगू लागले. दत्तक जाण्याची आमच्या संस्थानात मोठी परंपरा, त्यामुळे कुणालाच त्यात हसण्यासारखं दिसत नव्हतं. माझ्या वडिलांनी मात्र आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "एका दिवसाच्या वरातीसाठी माझा मुलगा नेता? परत कोणत्या विधीनं देणार?" उपाध्यांनी पोथी फडक्यात बांधली.

शेवटी रिसालदारसाहेबांनीच तोड काढली. वरातीच्या दिवशी त्यांनी मला देवघरात बोलावलं आणि ती शिंदेशाही पगडी माझ्या डोक्यावर ठेवली. ती सरळ नाकापर्यंत आली. काकूंनी आत जुनं धोतर कोंबून ती भुवयांवर बसवली.

"पास तू झालास. दारात तू उभा राहा."

मी एकोणीस वर्षांचा, कारकुनाचा मुलगा, काठीसारखा, डोक्यावर रिसाल्याची पगडी, आणि समोरून इंदूरची वरात! मागे चिकाच्या पडद्याआड, बायकांच्या घोळक्यात, बोडक्या डोक्यानं मुलीचा बाप उभा होता आणि दबक्या आवाजात हुकूम सोडत होता, "मान वर! छोटे पंत, मान वर!" वराच्या काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

"मी... मी पास झालोय," मी म्हणालो.

लग्न लागलं. बळवंत रिझल्टपासून कुणासमोर येत नव्हता, तो मागे आचाऱ्यांत राबत होता. निघायच्या वेळी शकू आत जाऊन आबांच्या पाया पडली. ते ताठ उभे. "सरळ बसून जा. मागे बघू नको," एवढंच म्हणाले. ती तोंड दाबून रडत टांग्यात बसली आणि टांगे पडावकडे, स्टेशनाकडे निघाले.

ते उंबरठ्यापर्यंत आले. टांगा वळणाशी पोचला तेव्हा एकदम म्हणाले, "त्या घोड्याचा मागचा उजवा पाय बघ. लंगडतंय ते. पोरीची गाडी चुकेल."

घोडं मुळीच लंगडत नव्हतं. मी तसं म्हणेपर्यंत ते बाहेर होते. बोडके, अनवाणी, झपाझप. मी पगडी हातात घेऊन मागे पळालो.

पाटणकर बाजारात दुकानदार उठून हात जोडू लागले. रिसालदारसाहेब उघड्या डोक्यानं, पायात जोडा नाही, मागे रडवेला मुलगा! एक हलवाई दुकान टाकून मागे चालू लागला. मग कापडवाला. मग कुणीही. "कौन गुजर गया, भैया?" एकमेकांना विचारत होते आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. पडावला पोचलो तोवर मागे वीस-पंचवीस माणसं माना खाली घालून चालत होती. ती सगळी फलाटावर शिरली तेव्हा वऱ्हाडातल्या बायकांनी किंकाळ्या फोडल्या.

शकू खिडकीत होती. बापाचं उघडं डोकं भर स्टेशनात बघून ती रडायचंच विसरली.

"आबा, असे बोडक्या डोक्यानं!"

"राहवलं नाही, बाळ." त्यांनी खिडकीतून हात घालून तिचं तोंड कुरवाळलं. "तुझ्या लग्नात मी पडद्यामागे उभा राहिलो. चुकलं माझं. फार चुकलं."

गाडी गेली. मी पगडी पुढे केली. "आबा, आता तरी घाला."

"आता नको," ते म्हणाले. गाडीच्या धुराकडे बघत त्यांनी विचारलं, "रिझल्ट लागला तेव्हा बळवंत कुठे होता रे?"

"न्हाणीघरात. दार लावून रडत होता. म्हणाला, आबांना मीच कोंडून ठेवलंय."

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. वळले आणि त्या सगळ्या शोकाकुल मंडळींमधून वाट काढत घराकडे निघाले, आले त्यापेक्षा जास्त वेगानं. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी हाका मारायला सुरुवात केली.

"बळवंता! ए बळवंता! ये रे बाहेर. हा बघ, मी आलोय बाहेर."