ऑर्डिसच्या कोपऱ्यावरची पाटी

ऑर्डिस ब्रेकेनचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तिने कधी लपवलीही नाही. खाटकाच्या काट्यावर नाही, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवर नाही, नव्या पाद्रीबुवांवर तर मुळीच नाही, कारण ते दुसऱ्या राज्यातून, मिनेसोटाहून आले होते. जन्मभर तिने शाळेची बस चालवली. फेरी संपली की ती पार मागच्या सीटपर्यंत चालत जायची आणि प्रत्येक बाकाखाली वाकून बघायची. बाकीचे ड्रायव्हर आरशात नजर टाकून मोकळे व्हायचे. ऑर्डिस म्हणायची, आरशाचं काय, तो त्याला हवं तेवढंच दाखवतो.

चर्चच्या सभेतही तिचाच दरारा. सभेच्या नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. कुणी अनुमोदनाशिवाय ठराव पुढे रेटू लागला की ती नुसती घसा खाकरायची, आणि अध्यक्ष आपसूक मागे यायचे. लोक कुरकुरायचे, पण काही अडलं की तिच्याकडेच बघायचे.

तिच्या संशयातून सुटलेला माणूस एकच, वेंडेल हॉगस्टॅड. दोघं लहानपणी चर्चच्या एकाच वर्गात शिकले, एकाच बाकावर बसून चुकले. पुढे वेंडेलने गुरं पाळली, आणि बऱ्याच वर्षांनी तो राज्याच्या विधानसभेत गेला. त्याची पाटी दर निवडणुकीला ऑर्डिसच्या शेताच्या कोपऱ्यावर लागायची. दोन हायवे तिथे मिळतात. शाळेला जा, चर्चला जा, धान्य घालायला जा, त्या कोपऱ्यावर गाडी थांबवावीच लागते. ऑर्डिसने पाटी लावू दिली म्हणजे माणूस बाकाखाली वाकून तपासलेला आहे, असं आमच्याकडे धरून चालायचे.

मग पाइपलाइन आली. एका कंपनीला आमच्या तीन काउंट्यांतून जमिनीखालून वायू न्यायचा होता, आणि मालक नाही म्हणाला तरी कोर्टातून जमीन घ्यायची सोय कायद्यात होती. नकाशावरची रेघ ऑर्डिसच्या कुरणातून जात होती, तिच्या नवऱ्याने, मायलोने, वाऱ्याला आड म्हणून लावलेल्या झाडांच्या रांगेतून. मायलो जाऊन बरीच वर्षं झाली होती. झाडं तेवढी राहिली होती. ऑर्डिस आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दारी काही मागायला गेली, ती वेंडेलच्या. त्याने जबरदस्तीची सोय बंद करणारं विधेयक मांडलं. फेब्रुवारीत ते पडलं. ऑर्डिसला वाईट वाटलं, पण वेंडेलचा राग आला नाही. कंपनीने सगळ्यांना पैसे चारले असणार, ती म्हणाली.

मे महिन्यात टपालात ‘ट्रू कंपस’वाल्यांचं कार्ड आलं. जाड, चकचकीत. ही मंडळी खऱ्या विचारांचा आमदार कोण आणि नकली कोण ते ठरवतात. वर्षभरातली आपल्या पसंतीची मतदानं निवडतात, त्यावर गुण देतात आणि प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, तोंडावर घरोघर पाठवतात. आमच्याकडे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. एकाच पक्षाचं राज्य, त्यामुळे काय तो निकाल जूनच्या प्रायमरीतच लागतो. वेंडेलला शंभरात अडतीस मिळाले होते, आणि पुढे लाल अक्षरात ‘नापास’.

ऑर्डिसने चष्मा पुसला आणि एकेक ओळ बोटाने वाचली. खेड्यातल्या शाळांच्या बससाठी पैसे द्यायला वेंडेलने हो म्हटलं, म्हणून गुण कापलेले. तिने ते वाचलं आणि पुढे सरकली. खाली होतं जमीन-बचाव विधेयक. वेंडेल हॉगस्टॅड: विरोधात.

तिने ते तीनदा वाचलं. मग खुर्चीत बसली. त्यानेच मांडलेलं विधेयक, आणि त्यानेच विरोधात मत दिलेलं.

आता खरं तर हे कार्ड पाठवणारे कोण, असा प्रश्न ऑर्डिसला पडायला हवा होता. पत्ता म्हणून नुसता पोस्ट बॉक्स छापलेला. पोस्ट बॉक्सवाल्याकडून तिने कधी बियाणं घेतलं नसतं. पण तिचा सगळा संशय एकदम वेंडेलकडे धावला, इतक्या वर्षांचा साठलेला असावा तसा. विधेयक मांडून आपल्याला गप्प बसवलं आणि मागून गळा दाबला, हे तिने ठरवून टाकलं. मग पुरावे काय, पावलोपावली सापडायला लागले. वेंडेलच्या घराला नवं छप्पर कुठून आलं? (गारपिटीनंतर निम्म्या काउंटीला विम्यातून नवी छपरं मिळाली होती, ऑर्डिसलाही.) राजधानीत तो कंपनीच्या माणसाबरोबर जेवताना दिसला म्हणे. आणि हल्ली चर्चमध्ये तो तिच्या मागच्या बाकावर का बसतो?

तिची मैत्रीण लवॉन म्हणाली, “अगं, त्याला विचार तरी.”

“चोराला विचारायचं, चोरी केलीस का म्हणून?” ऑर्डिस म्हणाली.

वेंडेल आपणहून आला. ऑर्डिसने त्याला पोर्चच्या पायरीवरच अडवलं. कॉफी विचारली नाही. आमच्याकडे वीजमीटर वाचायला आलेल्यालाही कॉफी विचारतात.

“ऑर्डिस, ते कार्ड तू बघितलंस, मला माहीत आहे,” तो टोपी हातात धरून म्हणाला. “तिथे सभागृहात एक पद्धत असते...”

“तुमच्या पद्धती मला शिकवू नकोस. एवढंच सांग, विरोधात मत दिलंस की नाही?”

“दिलं. पण ते...”

“झालं तर मग.”

तिने जाळीचं दार लावून घेतलं. तो जरा वेळ पायरीवर उभा राहिला. आतून तिला त्याची सावली दिसत होती. मग तो गेला. त्याच दुपारी तिने कोपऱ्यावरची त्याची पाटी उपटली आणि ट्रेंट मॅडक्सची रोवली. ट्रेंट म्हणजे शहरात घरं विकणारा उमेदवार. ट्रू कंपसच्या शपथपत्रावर त्याने सही केली होती, आणि दात फार पांढरे होते. एरवी त्या दातांवरूनच ऑर्डिसने त्याला हाकललं असतं.

त्या कोपऱ्यावर गाड्या थांबत राहिल्या आणि पाटी बघून लोक पुढे जात राहिले. जूनमध्ये वेंडेल पडला. फार थोड्या मतांनी पडला, आणि ती मतं कुठल्या कोपऱ्यावर फिरली हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑर्डिसला आनंद झाला नाही, पण आपण बरोबर होतो याचं समाधान तिने पोटाशी घट्ट धरून ठेवलं.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ट्रेंटचं कार्ड आलं. शंभरपैकी शंभर. जमीन-बचाव विधेयकाची ओळच त्यावर नव्हती, कारण ते कुणी मांडलंच नव्हतं. न मांडलेल्या विधेयकाचे गुण कुणाचे कापणार? ऑर्डिसने ट्रेंटला फोन लावला, निरोप ठेवला, पुन्हा लावला. त्याच आठवड्यात कंपनीची माणसं कोर्टाचा कागद घेऊन आली आणि कुरणात पाइपच्या वाटेवर नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून गेली.

मग त्यांना चर्चमागची मोकळी जागा हवी झाली, पाइप रचून ठेवायला. भाडं देणार होते. चर्चच्या तळघरात सभा बसली, आणि जागा देऊ नये असा ठराव ऑर्डिसने मांडला. पण दिवस गाई विण्याचे. तिच्या बाजूचे सगळे गुरंवाले गोठ्यात अडकलेले. तळघरात बसले होते ते नोकरदार आणि चर्च गरम ठेवणारी जुनी भट्टी बदलायला भाड्याचे पैसे हवे असलेले म्हातारे. अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूचे हात मागितले तेव्हा दोन-चारच वर आले. ऑर्डिसने स्वतःचा हात मांडीवरच ठेवला. विरोधातले हात मागितल्यावर मात्र तिने तो सरळ उंच केला.

लवॉनने तिला कोपराने ढोसलं. “ऑर्डिस, अगं चुकीच्या वेळी हात वर केलास. ठराव तुझाच आहे ना?”

“चुकले नाही,” ऑर्डिस कुजबुजली. “असंच करायचं असतं. हरलेल्या बाजूच्या माणसाला तोच विषय परत आणता येत नाही. जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच येतो. आपण हरतोय असं दिसलं की मत फिरवायचं, म्हणजे माणसं जमवून पुन्हा...”

ती तिथेच थांबली. हात वरच राहिला होता. अध्यक्ष मोजून पुढे गेले तरी तिने तो खाली घेतला नाही. पलीकडे कॉफीच्या भांड्यापाशी वेंडेल उभा होता आणि तिच्या हाताकडे बघत होता. तो हसत नव्हता. त्याने नजर हळूच कपाकडे वळवली.

सभा संपल्यावर लोक खुर्च्या मिटत होते. ऑर्डिस त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता, आणि तो लपवायचं तिला सुचलं नाही.

“पायरीवर तू हेच सांगणार होतास.”

“हो.”

“मग परत का आणलं नाहीस?”

“विरोधातल्या दोन आमदारांना वळवलं होतं मी. दुसऱ्या दिवशी हिमवादळ झालं, ते रस्त्यातच अडकले. तिथे मुदत एका दिवसाचीच असते.” त्याने कप खाली ठेवला. “यंदा आणणार होतो.”

यंदा. ऑर्डिसने खुर्चीची पाठ धरली. त्याने आपल्याला शिव्या द्याव्यात असं तिला फार वाटलं.

“मला तेव्हाच ओरडून गप्प करायचंस की रे,” ती म्हणाली.

“तुला? ते अजून कुणाला जमलंय?”

“वेंडेल, पुन्हा उभा राहा. पाटी मी माझ्या हाताने रोवीन. आणि का रोवली, ते दारोदार जाऊन सांगेन.”

तो तिच्याकडे बघत राहिला. लहानपणी बाकावर उत्तर चुकल्यावर बघायचा तसा, दमून आणि जरा मायेने.

“कंपनीच्या त्या खुंट्या तुझ्या कोपऱ्यापर्यंत आल्यात, ऑर्डिस,” तो म्हणाला. “येताना बघितल्या मी. पाटी रोवणार कुठे?”