गोदावरी सिस्टरांनी सोसलेली तहान

सांगलीच्या एका इस्पितळात मी स्टाफ नर्स होते, तेव्हा पुरुषांचा वॉर्ड गोदावरी आगाशे सिस्टरांकडे होता. त्या मूळच्या वाईच्या. अंगानं किरकोळ, आणि आवाज इतका हळू की चिडलेला पेशंटही ऐकायला म्हणून गप्प व्हायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आटपाडीचे नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले, हृदय कमजोर झाल्यामुळे पुन्हा दाखल झाले. पाय सुजलेले, आडवं पडलं की दम कोंडायचा. औषधानं सूज उतरायची, घरी गेले की परत चढायची. डॉक्टर दर वेळी बजावत, "पाणी कमी प्या." म्हणजे किती, हे कुणी विचारत नव्हतं. आम्ही नर्सेससुद्धा सवयीनं सगळ्यांच्याच उशाशी भरलेला तांब्या ठेवत होतो.

एका सकाळी नाथाजींची बायको हरणाबाई त्यांना पदराआडून पाणी पाजताना दिसली. मी तडकले. ती रडकुंडीला आली.

"आवं बाई, दुष्काळात घागरभर पाण्यापायी लय वणवण केली आमी. आता आड भरलाय, आन् तुमी म्हंता मानसाला पानी देऊ नगं? तळमळत्यात वो ते. तुमी ऱ्हाऊन बगा की तसं!"

मी काही बोलणार, तोच मागून सिस्टर म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. राहूनच बघते."

त्यांनी डॉक्टरांकडून दिवसाचं माप ठरवून घेतलं आणि ऐन उन्हाळ्यात स्वतः त्या मापावर राहिल्या. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं. "धडधाकट माणसानं हे फार दिवस करू नये हं," डॉक्टर म्हणाले. "चारच दिवस," सिस्टर म्हणाल्या. दुपारी बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटायची, ते आम्हाला दिसायचं.

चार दिवसांनी त्या नाथाजींच्या कॉटशेजारी बसल्या. "दुपार कलली की जीव अगदी नकोसा होतो, नाही?"

नाथाजींनी चमकून पाहिलं. "व्हय. त्याच वक्ताला."

"तेव्हासाठी थोडं राखून ठेवायचं. मोठ्या भांड्यानं प्यायलं तर कधी संपलं कळत नाही. लहान वाटीनं घोटघोट घ्या. मध्ये नुसती चूळ भरून टाका, लिंबाची फोड चोखा. आणि लोणचं, खारं बंद. मी एक दिवस लोणचं खाल्लं, तो दिवस सगळ्यात वाईट गेला."

आपली तहान कुणाला तरी कळली, एवढ्यानंच तो माणूस निवळला. दिवसाचं पाणी सकाळी मापून ठेवायचं काम सिस्टरांनी हरणाबाईलाच दिलं. मग आमच्याकडे वळल्या. अशा पेशंटांच्या उशाचे तांब्ये हलले, रोज सकाळी वजन सुरू झालं. वजन एकदम वाढलं तर पाणी अंगात साठतंय, लगेच डॉक्टरांना सांगायचं. एक जुनी नर्स कुरकुरली, "पाणी नाकारायचं म्हणजे पाप हो." सिस्टर म्हणाल्या, "नाकारू नका. दिवसभर पुरवून द्या." आम्हीही एकेक दिवस तसं राहून पाहिलं. त्यानंतर पाणी मागणाऱ्या पेशंटवर मी कधी आवाज चढवला नाही.

नाथाजी घरी गेल्यावर भावकीनं हरणाबाईला नावं ठेवली, हिनं नवऱ्याला पाण्याला महाग केलं म्हणून. तेव्हा नाथाजींनीच सगळ्यांना सुनावलं, "तिला काय बोलू नगा. ती हाय म्हनून मी बसलोय हितं."

पुढं काही वर्षं ते तपासणीला एस.टी. स्टँडवरून चालत यायचे. अठ्ठ्याहत्तर साली ते गेले. महिन्याभरानं हरणाबाई एकटीच सिस्टरांना सांगायला वॉर्डात आली. "शेवटाला धाप न्हाई लागली. निजल्या जागीच गेले," ती म्हणाली. सिस्टरांनी तिचा हात हातात घेतला.

तिथंच एका कॉटवर माधवनगरच्या गिरणीतला एक कामगार होता, पाय टम्म सुजलेले. त्याची बायको तांब्या घेऊन उठली. हरणाबाईनं डोळे पुसले आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "थांब बाई, म्या सांगते तुला," म्हणाली. सिस्टर बाजूला उभ्या राहून ऐकत राहिल्या.