तंबूपुढची छत्री

माझी भाकरी शाबूत ठेवली ती नांदेडच्या चाचांनी. त्यांचं आधी सांगतो, मग झालं काय ते. आधी घडलेलं सांगायला बसलो तर मी माझीच बाजू मांडत सुटेन आणि चाचा मागं राहतील. एकदा राहिलेच आहेत.

चाचा नांदेडात घरोघरी टीव्हीच्या छत्र्या बसवायचे. गुडघे धरले, गच्च्या चढणं सुटलं, तेव्हा आमच्या टोळीत सामान सांभाळायला आले. विजेचे मोठे मनोरे उभे करून तारा ओढणारी टोळी आमची. मुक्काम रेणापूरच्या पुढं, एका गावाबाहेरच्या पडीक रानात, तंबूंत. मी एकोणीस वर्षांचा, जळकोटकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. हे तिसरं काम. हेही सुटलं तर गावी कोणत्या तोंडानं जायचं, हीच धास्ती दिवसरात्र.

चाचांचा मला पहिल्यापासून संशय. त्यांच्या पत्र्याच्या पेटीला कायम कुलूप. माझ्यासाठी चहा बाजूला काढून ठेवायचे, तो का? आणि मला शिक्षण कधी विचारायचे नाहीत. त्या वर्षांत लातूरच्या आसपास कुणीही भेटलं की पहिलं हेच, "कोणत्या क्लासला हायस?" गावोगावची पोरं क्लाससाठी लातुरात खोल्या करून राहिलेली. जो तो विचारतो, मग हा माणूस का विचारत नाही? याला आधीच कळलंय की काय?

एका सुट्टीच्या दिवशी दुपार कलल्यावर चाचांनी कुलूप काढलं. पेटीत घडीचं तीन पायांचं स्टँड, एक होकायंत्र आणि मुठीएवढा मीटर. छत्री गोधडीत गुंडाळून पेटीमागं ठेवलेली.

"चल बेटा, टोळीला टीव्ही दाखवू."

त्यांनी एक सपाट दगड निवडला, त्यावर ताटली ठेवून काठोकाठ पाणी ओतलं. पाणी एका बाजूनं सांडलं की दगडाखाली खडा सारायचा. जागा सपाट झाल्यावर ताटली शेजारी सरकवून स्टँड उभं केलं, पायांवर धोंडे ठेवले, होकायंत्र बघून छत्रीचं तोंड आग्नेयेकडं केलं.

"मी मीटर बघतो, तू छत्री सरकव. बोटभरच. आभाळातला उपग्रह सुईच्या नाकाएवढा समज."

मी बोटभर सरकवायचो, मीटर कुंई करायचा. जवळ आलं की आवाज चढायचा.

चाचा वायर आणायला तंबूत गेले, तेवढ्यात गावातला एक माणूस मोटारसायकल थांबवून उभा राहिला. पोराला लातूरला क्लासला घालून परतत होता.

"तू कोणत्या क्लासला होतास रं?"

"लातूरलाच. सायन्सला," मी म्हणालो. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. "आता सर्वेच्या कामावर हाय."

"मंग हे काय?"

"यंत्र. लहरी कळत्यात ह्याला."

त्यानं ताटलीतल्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जमिनीतल्या बी?"

नाही म्हणालो असतो तर सायन्स गेलं असतं. "हाव," मी म्हणालो.

तेरा वर्षांमागच्या भूकंपात या गावातली घरं तडकली होती. तेव्हापासून तिथली माणसं उशाशी परातीत पाणी भरून ठेवायची. पाणी हललं की बाहेर पळायचं. हे आमच्याकडंही होतं. मी सहा वर्षांचा असताना आई परातीकडं बघत बसायची. तरी मला ताटली बघून ते सुचलं नाही.

दिवस मावळायच्या आत गावानं उघड्यावर झोपायला बाजा बाहेर काढल्या. पन्नासेक माणसं तंबूंपुढं आली. एका म्हातारीनं काखेतली परात ताटलीशेजारी ठेवली, तांब्यानं पाणी ओतलं आणि उकिडवी बसली.

"बोला. कव्हा होणार हाय?"

"काय कव्हा, अम्मा?" चाचा म्हणाले.

"आम्हाला येडं समजू नका. गेल्या टायमाला बी कुणी सांगितलं न्हाई."

चाचांनी घाईनं वायर जोडली, जनरेटर चालू केला. टीव्हीवर एक बाई तेलुगूत बातम्या द्यायला लागली.

"हे तर वरचं झालं," म्हातारी म्हणाली. नजर परातीवरच. "खालचं सांगा. तुमच्याच पोरानं कबूल केलंय."

आमचा मुकादम पुढं आला. गाव बिथरलं तर काम थांबणार होतं. "कोण बोललं हे? आत्ताच्या आत्ता गाठोडं बांधा त्यानं."

मोटारसायकलवाला गर्दीत मला शोधत होता. मी तंबूच्या आडोशाला सरकलो. चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं. वाटलं, आता नाव घेतो हा.

"मी बोललो," चाचा म्हणाले. "ह्या पोराला मीच पढवलं होतं, गंमत म्हणून. माफ करा, अम्मा. खालचं फक्त अल्लाला ठाऊक."

"ह्या वयात असली गंमत?" म्हातारीनं परातीतलं पाणी त्यांच्या पायाजवळ ओतलं आणि उठली.

सकाळी चाचा पेटी आणि छत्री घेऊन नांदेडच्या गाडीत बसले. मी निरोपालाही गेलो नाही. वाटत होतं, ह्यात यांचा काहीतरी डाव असणार.

संध्याकाळी अंथरुणात होकायंत्र आणि मीटर सापडले. पहिला विचार हाच, चोरीचा आळ घालायला ठेवलेत. पिठाच्या डब्यात दडवले. आठ दिवस कुणी मोटारसायकलवरून आलं की मी डबा आणखी आत सारायचो. कुणी विचारायला आलं नाही. महिन्यानं मुकादमाकडून कळलं, चाचांनी ते मलाच दिले होते.

आज मी कच्छात छत्र्या बसवून पोट भरतो. होकायंत्र तेच आहे. अजून ताटलीत पाणी ओतूनच जागा सपाट करतो, पण त्याआधी त्या घरच्या माणसांना सांगतो, हे पाणी कशासाठी ते.

चाचा, मी नांदेडला येणार. तुमच्या गच्चीवर छत्री लावून देईन, मग तुम्हाला घेऊन त्या गावात जाईन. ती अम्मा असेल तर तिच्यापुढं, नसेल तर त्या मोटारसायकलवाल्यापुढं सांगेन की तो 'हाव' माझा होता.