पंचमीचं पहिलं बिल

आमच्या शेठजींच्या घराण्यात एक रीत होती. जो यंत्र चालवतो, त्यानंच त्याची पूजा करायची. मागवाला आपल्या मागाला हळदकुंकू लावायचा, ड्रायव्हर आपल्या ट्रकला. त्या दसऱ्याला मात्र मी सांभाळत असलेल्या सर्व्हरला शेठजींनी स्वतः कुंकू लावलं. मला म्हणाले, "याचं अजून पक्कं नाही नं बेटा. दिवाळीनंतर बघू." पेढा घेतला, पण तो काही गोड लागला नाही.

पक्कं नव्हतं ते असं. दोघा भावांचा धंदा त्याच वर्षी एक झाला होता: थोरल्यांचं, म्हणजे आमच्या शेठजींचं, बुऱ्हाणपुरात शनवारा भागातलं कापडाचं दुकान आणि धाकट्यांचा गावाबाहेरचा कारखाना. दोन्हीकडचे संगणक मी एका जाळ्यात आणले होते. ते पुढे सांभाळायचं काम इंदूरच्या कंपनीला द्यावं, असं धाकट्यांचं म्हणणं. मी राजपुऱ्यातल्या मास्तरांची मुलगी, मला ते झेपायचं नाही म्हणे. थोरल्यांनी तोड काढली. दिवाळीनंतरच्या लाभपंचमीच्या मुहूर्ताला पहिलं बिल कारखान्यात बनवायचं आणि दुकानात छापायचं. छापून निघालं, तर काम माझं.

मला संताप आला. पण संतापले की माझं काम जास्त नीट होतं.

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात. माणसांना नावं लागतात. कुठल्या नावाचा पत्ता कुठला, हे विचारेल त्याला सांगणं हे दुकानाच्या आतल्या खोलीतल्या त्या सर्व्हरचं काम. त्यात दोन तऱ्हेच्या नोंदी असतात. काही यंत्रं सुरू झाली की मिळालेला पत्ता स्वतःच येऊन नोंदवतात, आणि दोन-तीन दिवस फिरकली नाहीत की सर्व्हर त्यांची नावं पुसून टाकतो. उरलेल्या नोंदी हातानं लिहायच्या. त्या आपण बदलेपर्यंत हलत नाहीत. लक्ष्मीपूजनापासून पंचमीपर्यंत दुकान बंद राहणार, म्हणजे बिलाच्या प्रिंटरचं नाव पुसलं जाणार, हे मी आधीच ओळखलं. ते मी हातानं लिहून टाकलं आणि निर्धास्त मनानं फराळाला लागले.

पंचमीला सकाळी दुकानात झेंडूच्या माळा, गादीवर स्वच्छ चादर, सगळं घर जमलेलं. गुरुजींनी मान हलवली. फोनवर धाकटे म्हणाले, "भेजलं बिल." सगळ्यांचे डोळे प्रिंटरवर. तो ढिम्म.

"मॅडम, इंदूरवाल्यांचा नंबर देऊ का?" फोनमधून आवाज आला.

मी प्रिंटरजवळ गेले, तर त्याच्या कपाळावर कुंकू, गळ्यात पूजेचा लाल नाडा, आणि अंगावर नवा कोरा वास. माझा प्रिंटर हा नव्हताच.

"शेठजी, हा कधी आणला?"

"धनतेरसला. सण आहे, काहीतरी नवं घ्यायला पाहिजे नं. लक्ष्मीपूजनात त्याची पण पूजा केली, मग जुना गोदामात ठेवून दिला."

"मला सांगायचं नाही?"

"अगं, शुभ कामात काय सांगायचं?"

त्यांच्या दृष्टीनं काही बदललंच नव्हतं. सणाची खरेदी झाली होती. माझी हाताची नोंद मात्र गोदामात बंद पडलेल्या प्रिंटरकडे बोट दाखवत उभी होती.

मी सर्व्हरपाशी बसले. नवा प्रिंटर सकाळी सुरू होताच आपणहून पत्ता घेऊन, बनवणाऱ्या कंपनीनं दिलेल्या लांबलचक नावानं हजेरी लावून बसला होता. तो पत्ता मी त्याच्यासाठीच राखून ठेवला, बिलाच्या नावापुढचा जुना खोडून हा लिहिला. पण कारखान्याचा संगणक जुनं उत्तर लक्षात धरून बसला असणार. मी फोन घेतला. "काका, तुमचा संगणक एकदा बंद करून चालू करा."

"बस, इतकंच?"

"इतकंच. आणि बिल पुन्हा पाठवा."

गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. शेठाणीबाईंनी निरांजनात तूप घातलं. मी हाताची घडी घालून उभी राहिले. मग प्रिंटर घरघरला आणि बिल बाहेर आलं. ते पाहून मला जे वाटलं त्याला अभिमान हाच शब्द आहे, आणि तो वापरायला मी लाजत नाही.

शेठजींनी बिलावर स्वस्तिक काढलं, देवापुढे ठेवलं. मग ताट उचलून आतल्या खोलीत शिरले. मी मागोमाग गेले. सर्व्हरपाशी थांबून त्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

"लाव," म्हणाले. "ज्याचं यंत्र त्यानंच लावायचं."

दसऱ्याचा त्यांचा टिळा अजून पुसट दिसत होता. त्याच्या शेजारी मी माझा लावला, चांगला मोठा.